वाटेवरचे मैत्र

भारतीय धर्मचिंतनाने माणसांच्या परस्परसंबंधांचा विचार प्रामुख्याने दोन अंगांनी केला आहे. त्यांपैकी एक अंग जन्माने वाट्याला येणाऱ्या नात्यांचे असून दुसरे संस्काराने किंवा संकल्पाने जोडल्या जाणाऱ्या नात्यांचे आहे. आई-मूल आणि भाऊ-बहीण ही पहिल्या प्रकारात येतात, तर पती-पत्नी, गुरु-शिष्य, यजमान-अतिथी ही दुसऱ्या प्रकारात. या दोन्ही प्रकारांत कोणी कोणाचे काय लागते हे आधीच ठरलेले असल्यामुळे कोणी कोणासाठी काय करावे हेही शास्त्राला सांगता येते. मात्र प्रवासात, परमुलखात किंवा एखाद्या अवघड काळात दोन अनोळखी माणसे एकमेकांना भेटतात, थोडे दिवस एकमेकांचा आधार होतात आणि पुन्हा भेट होणार नाही हे ठाऊक असूनही त्या थोड्या दिवसांत परस्परांना मनापासून जपतात, तेव्हा त्या संबंधाला धर्मदृष्ट्या काही स्थान आहे की तो केवळ योगायोगाने घडलेला दिलासा आहे, हा प्रश्न शास्त्रग्रंथांच्या कडेलाच राहिलेला दिसतो.

गौरी शिंदे यांनी दिग्दर्शित केलेला ‘इंग्लिश विंग्लिश’ हा 2012 साली प्रदर्शित झालेला चित्रपट या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष उपयोगी आहे. चित्रपटाची भाषा हिंदी असली, तरी त्याची नायिका शशी गोडबोले ही लाडू करून विकणारी पुण्याची मराठी गृहिणी आहे, आणि ही कथा दिग्दर्शिकेला सुचली ती पुण्यात घरगुती लोणच्यांचा व्यवसाय करणाऱ्या स्वतःच्या आईवरून. भाचीच्या लग्नासाठी शशी कुटुंबाच्या आधी एकटीच न्यूयॉर्कला पोहोचते. इंग्रजी येत नाही म्हणून घरात नवऱ्याच्या आणि मुलीच्या थट्टेचा विषय झालेली ही बाई तिथल्या एका कॅफेत साधे खाणे मागवताना अपमानित होते आणि त्यानंतर घरच्यांना न सांगता चार आठवड्यांच्या इंग्रजी वर्गात नाव घालते. त्या वर्गात मुले सांभाळणारी एक मेक्सिकन बाई आहे, पाकिस्तानी टॅक्सीचालक आहे, तमिळ संगणक अभियंता आहे आणि लोरां नावाचा फ्रेंच आचारी आहे. यांतल्या कोणाचा देश एक नाही, भाषा एक नाही, आणि प्रत्येकाचे एकटेपण वेगळ्या कारणाचे आहे. तरीही चार आठवड्यांत त्यांच्यात जे निर्माण होते त्याला मैत्रीखेरीज दुसरे नाव देता येत नाही. शशी हिंदीत बोलते, लोरां फ्रेंचमध्ये बोलतो, दोघांपैकी एकालाही दुसऱ्याचा शब्द कळत नाही आणि तरी बोलणे थांबत नाही, हा त्या चित्रपटातला प्रसंग अनेक प्रेक्षकांच्या लक्षात राहिलेला आहे.

लोरांच्या मनात शशीविषयी प्रेम आहे आणि तो ते लपवत नाही. शशी ते स्वीकारत नाही, पण त्याचा अव्हेरही करत नाही; आपण स्वतःलाच आवडेनासे झालो होतो, ते तुझ्यामुळे बदलले, अशा आशयाचे आभार मानून ती नवऱ्यामुलांसह भारतात परतते. सोफिया कोपोला यांच्या ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ या 2003 सालच्या चित्रपटातही टोकियोच्या एका हॉटेलात भेटलेले दोन एकाकी अमेरिकी प्रवासी असेच वेगळे होतात, आणि निरोपाच्या क्षणी पुरुषाने स्त्रीच्या कानात काय सांगितले हे प्रेक्षकाला ऐकूच येत नाही. अशा शेवटांनी मनाला हुरहुर लागते, आणि त्या हुरहुरीत बहुतेकांची समजूत अशी होते की काहीतरी अपुरे राहिले. या समजुतीच्या मुळाशी एक गृहीतक आहे: जो संबंध टिकतो तोच खरा, आणि जो ठरलेल्या दिवशी संपतो तो दुय्यम. हे गृहीतक तपासल्याशिवाय मूळ प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

ते तपासण्यासाठी परंपरेतलाच एक सुप्रसिद्ध दृष्टान्त हाताशी आहे. महासागरात वाहणारे दोन ओंडके एकत्र येतात आणि लाटेसरशी दूर होतात, तशा प्राण्यांच्या भेटी होतात, हा विचार महाभारताच्या शांतिपर्वात आहे आणि वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडातही आहे, ग. दि. माडगूळकरांच्या ‘गीतरामायणा’मुळे तो मराठी घराघरांत पोहोचला. हा दृष्टान्त सामान्यतः वैराग्याच्या, म्हणजे आसक्ती सोडण्याच्या उपदेशासाठी वापरला जातो, आणि त्यावरून क्षणिक भेटीला फारसे महत्त्व देऊ नये असा निष्कर्ष काढला जातो. परंतु रामायणात तो कोणत्या प्रसंगी येतो हे पाहिले, तर निष्कर्ष उलटा निघतो. पित्याच्या मृत्यूने शोकाकुल झालेल्या भरताला राम हा दृष्टान्त सांगतो, आणि तिथे ओंडक्यांसारखे भेटणारे म्हणून ज्यांचा उल्लेख येतो ते वाटसरू नसून बायका, मुले, आप्तेष्ट हेच आहेत. म्हणजे ज्या नात्यांना आपण कायमची समजतो तीही वियोगान्तच आहेत, आणि कायमची नाती व क्षणिक भेटी यांच्यातला फरक जातीचा नसून केवळ अवधीचा आहे. मग टिकत नाही एवढ्याच कारणावरून अनोळखी माणसाची मैत्री दुय्यम ठरवायची असेल, तर त्याच न्यायाने बाप आणि लेक यांचे नातेही दुय्यम ठरवावे लागेल, आणि तसे तर रामाने कुठेच म्हटलेले नाही. दृष्टान्त शोक आवरण्यासाठी आहे. भेटीची किंमत कमी करण्यासाठी त्याचा उपयोग करणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

दुसरे एक उत्तर मराठी माणसाच्या तोंडी अगदी सहज येते, ते ऋणानुबंधाचे. पूर्वजन्मीचे देणे-घेणे फिटायचे राहिले म्हणून या जन्मी कोणीतरी अचानक भेटतो, जीव लावतो आणि देणे फिटले की दूर होतो, ही कर्मसिद्धान्ताची, म्हणजे प्रत्येक कृतीचे फळ या किंवा पुढच्या जन्मी भोगावेच लागते या मताची, एक लोकप्रिय शाखा आहे. या कल्पनेने अगणित माणसांना वियोग सोसण्याचे बळ दिले आहे आणि कारण न सांगता येणाऱ्या मायेला समाजात प्रतिष्ठा मिळवून दिली आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि तिच्यात एक उणीव आहे. मैत्रीला ती हिशेबाची वही करून टाकते. जो भेटला तो देणेकरी म्हणून भेटला आणि त्याने जे केले ते त्याला करावेच लागणार होते, असे ठरले की त्याच्या चांगुलपणाचे श्रेय नाहीसे होते. अनोळखी माणसाच्या मैत्रीत जे मोलाचे आहे ते नेमके हेच की तो काहीही देणे लागत नव्हता. बहीण, भाऊ, शेजारी यांनी मदत केली नाही तर त्यांना जाब विचारता येतो. वाटसरूला तसा जाब विचारता येत नाही, आणि म्हणूनच तो थांबला तर त्याचे थांबणे पूर्णपणे त्याचे स्वतःचे असते.

देण्याघेण्याच्या पलीकडची मैत्री ही कल्पना भारतीय विचाराला अपरिचित मात्र नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत चित्त प्रसन्न राखण्यासाठी चार भावना सांगितल्या आहेत: सुखी माणसांविषयी मैत्री, दुःखी माणसांविषयी करुणा, पुण्यवानांविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि पापी माणसांविषयी उपेक्षा म्हणजे तटस्थता. बौद्ध परंपरेत याच चार भावना ब्रह्मविहार, म्हणजे मनाची श्रेष्ठ निवासस्थाने, म्हणून येतात. मात्र तिथे मैत्री कोणा एका वर्गापुरती राहत नाही, ती सर्व प्राण्यांपर्यंत पसरवायची असते. चांगली मैत्री म्हणजे धर्मजीवनाचा अर्धा भाग, असे आनंदाने म्हटल्यावर तो अर्धा नसून संपूर्ण भाग आहे, असे बुद्धाने त्याला सांगितल्याचे संयुत्त निकायात नोंदलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 1957 साली, त्यांच्या निधनानंतर, प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मैत्रीला करुणेहून व्यापक स्थान दिले आहे. करुणेत एक देणारा आणि एक घेणारा असतो. मैत्रीत ही उतरंड राहत नाही, आणि न्यूयॉर्कच्या त्या वर्गात शशीला जे मिळाले ते याच अर्थाने मैत्र होते, कारण तिथे सगळेच शिकायला आलेले होते आणि कोणीच कोणावर उपकार करत नव्हते. लग्नसमारंभात ती इंग्रजीतून जे छोटेसे भाषण करते त्यात विवाहालाच ती दोन समान माणसांची मैत्री म्हणते. अनोळखी माणसांकडून मिळालेली गोष्ट तिने घरच्या नात्याचे मोजमाप म्हणून परत आणली, हा त्या चित्रपटातला सर्वांत गंभीर विचार आहे.

या विचाराची सर्वांत कठीण परीक्षा मात्र न्यूयॉर्कमध्ये नसून सातपुड्यात आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव म्हणजे अक्राणी तालुक्यात सुमारे 1325 मीटर उंचीचे अस्तंबा शिखर आहे आणि तिथे अश्वत्थाम्याचे स्थान आहे. दिवाळीच्या दिवसांत या डोंगरावर मोठी यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबरच गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही आदिवासी भाविक, विशेषतः तरुण मुले, रात्रीच्या थंडीत ही अवघड वाट चढून जातात. एवढ्या मोठ्या यात्रेचा विषय असलेला हा पुरुष कोणी वीर किंवा संत नाही. महाभारताच्या सौप्तिकपर्वानुसार द्रोणपुत्र अश्वत्थाम्याने युद्ध संपल्यानंतर रात्रीच्या वेळी पांडवांच्या शिबिरात शिरून झोपलेल्या माणसांना मारले, त्यांत द्रौपदीचे पाचही पुत्र होते, आणि पुढे उत्तरेच्या गर्भावर अस्त्र टाकले. त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेण्यात आला आणि कृष्णाने त्याला शाप दिला.

त्या शापाचे शब्द बारकाईने पाहण्यासारखे आहेत. कृष्ण त्याला मृत्यू देत नाही. तीन हजार वर्षे पृथ्वीवर भटकत राहशील, तुझ्यासोबत कोणी नसेल, माणसांत तुला थारा मिळणार नाही, अंगाला रक्तापुवाची दुर्गंधी येईल, निर्जन आणि दुर्गम अरण्ये हाच तुझा आश्रय असेल आणि कोठेही कोणाशीही तुझा संवाद होणार नाही, असे तो सांगतो. अठरा अक्षौहिणी सैन्याचा संहार वर्णन करणाऱ्या ग्रंथाला सर्वांत भयंकर शिक्षा म्हणून जे सुचले ते हे, आणि त्यात शारीरिक वेदनेइतकेच वजन बोलायला माणूस नसण्याला आहे. एकटेपणाची इतकी नेमकी व्याख्या अन्यत्र क्वचितच सापडेल. एकटा तो, ज्याच्याशी कोणी बोलत नाही. मग तो अरण्यात असो की स्वतःच्या स्वयंपाकघरात. शशीने कोणताही अपराध केलेला नाही, त्यामुळे तिची आणि अश्वत्थाम्याची तुलना नीतीच्या पातळीवर होऊच शकत नाही. पण घरात तिच्याविषयीचा निकाल आधीच लागून गेला होता आणि त्या निकालानंतर तिच्याशी खऱ्या अर्थाने कोणी बोलत नव्हते, एवढ्यापुरते दोघांचे दुःख एका जातीचे आहे.

सातपुड्यातल्या लोकश्रद्धेने या शापाचे जे केले ते असाधारण आहे. लोक असे मानतात की अश्वत्थामा अजून या डोंगररानात फिरतो, कपाळावरच्या न भरणाऱ्या जखमेसाठी वाटसरूकडे तेल मागतो, आणि अस्तंब्याच्या वाटेवर कोणी चुकला तर त्याला वाट दाखवतो. ग्रंथाने ज्याच्याकडून संवाद काढून घेतला होता त्याला लोकांनी संवाद परत दिला, आणि तोही किती मोजका! एक मागणे आणि एक सांगणे, एवढाच. त्याला मुक्ती मिळत नाही, जखम भरत नाही, गुन्हा पुसला जात नाही, आणि तेल देणारा त्याच्याबरोबर राहतही नाही. तरीही त्या घटकेपुरते तेल देणारा आणि वाट दाखवणारा एकमेकांच्या उपयोगी पडतात, आणि ही उपयुक्तता दोन्ही बाजूंनी आहे. अश्वत्थामा केवळ याचक राहिला असता, तर ही कथा करुणेची झाली असती. तो वाट दाखवतो, म्हणून ती मैत्रीची होते.

येथे एक रास्त आक्षेप उभा राहतो. झोपलेल्या मुलांना मारणाऱ्याला तेल देणे म्हणजे त्याच्या कृत्याला क्षमा करणे नव्हे काय, आणि पापी माणसाविषयी उपेक्षा बाळगावी असे सांगणारा पतंजली येथे अधिक न्याय्य नाही काय? या आक्षेपाचे उत्तर असे देता येईल की तेल जखमेसाठी आहे, अपराधासाठी नाही. शिक्षा ज्याने द्यायची त्याने दिलेली आहे. वाटसरू न्यायाधीश नाही, आणि जखम वाहताना दिसल्यावर पूर्वीचा खटला पुन्हा चालवण्याचा अधिकारही त्याला नाही. भागवतपुराणाच्या प्रथम स्कंधात अर्जुन अश्वत्थाम्याला बांधून आणतो तेव्हा, ज्या आईची पाचही मुले त्याने मारली ती द्रौपदीच त्याला सोडण्यास सांगते, कारण आपण रडतो तशी त्याची आई रडू नये. ज्ञानदेवांनी 1290 साली ज्ञानेश्वरीच्या शेवटी जे मागणे मागितले त्यातही दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा आणि मग प्राणिमात्रांमध्ये परस्पर जिवाचे मैत्र जडावे, असा त्या मागण्याचा क्रम आहे. सातपुड्यातल्या लोकश्रद्धेला हा क्रमही मान्य नसावा. वाकडेपणा गेला की नाही याची खात्री होण्याआधीच ती तेल पुढे करते, आणि या बाबतीत सूत्रकार पतंजलीपेक्षा ती एक पाऊल पुढे गेली आहे असे म्हणावे लागते.

अनोळखी माणसांच्या या धर्माला याच प्रदेशात एक चालते-बोलते रूप आहे, ते नर्मदा परिक्रमेचे. नदी सतत उजव्या हाताला ठेवून आणि तिचे पात्र न ओलांडता तिच्याभोवती पायी प्रदक्षिणा घालायची, ही परिक्रमा परंपरेने तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची मानली जाते. वाटेत मिळेल त्या भिक्षेवर किंवा सदाव्रतावर, म्हणजे यात्रेकरूंना दिल्या जाणाऱ्या शिध्यावर, राहायचे असा नियम असल्यामुळे परिक्रमावासी रोज संध्याकाळी एखाद्या अनोळखी दारात उभा असतो. दक्षिण तटावरचा शूलपाणीच्या झाडीचा भाग या वाटेवर सर्वांत कठीण समजला जाई. तिथले भिल्ल परिक्रमावासीचे सर्व सामान काढून घेत, परिक्रमावासी त्यांना ‘मामा’ म्हणत, आणि ही लूटही नर्मदामाईच्याच इच्छेने होते असे मानून पुढे चालत. लुटणाऱ्याला मामा म्हणणे यात भीती नव्हतीच असे कोणी म्हणणार नाही. पण भीतीच्या वेळी आईच्या भावाचे नाते आठवणे ही साधी गोष्ट नाही. आज सरदार सरोवराच्या पाण्याखाली जुनी वाट आणि जुने शूलपाणेश्वर मंदिर गेले असून परिक्रमावासी धडगाव, मोलगी या बाजूच्या डोंगरवाटांनी जातात, आणि अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतल्या पाड्यांवर त्यांना रात्रीचा आसरा आणि भाकरी मिळते. महाराष्ट्रातली 33 गावे या धरणाने बाधित झाली, ती याच दोन तालुक्यांतली. नदीच्या पाण्यात ज्यांची शेते गेली, त्यांच्याच दारात नदीला आई म्हणणारा अनोळखी माणूस ‘नर्मदे हर’ म्हणत उभा राहतो आणि उपाशी जात नाही. सकाळी तो पुढे निघतो. कोणी कोणाचा पत्ता मागत नाही, आणि कोणाला काही अपुरे राहिले असेही वाटत नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी 1908 साली नोंदवले होते की परक्या माणसाला लोक जवळच्यांपासून दडवलेल्या गोष्टीही सांगतात, कारण तो इथला नसतो. हे निरीक्षण खरे आहे, पण ते अर्धेच आहे. परका माणूस ऐकून निघून जातो म्हणून सोयीचा असतो, हे त्याचे एक कारण झाले. दुसरे आणि अधिक खोल कारण असे की परक्या माणसाने आपल्याविषयी अजून काही ठरवलेले नसते, त्यामुळे त्याच्यासमोर माणूस आपल्या नावाला चिकटलेल्या मतांखाली दबून न जाता बोलू शकतो. ही मोकळीक त्या संबंधाच्या अल्पायुष्यातूनच येते. तो टिकवण्याचा आग्रह धरला की त्यात हक्क येतो, अपेक्षा येते आणि निकालही येतो. म्हणूनच शशीचे परतणे हा लोरांशी झालेल्या मैत्रीचा भंग नव्हे, तर त्या मैत्रीला दिलेला न्याय आहे.

तरीही एवढ्यावर हा विचार थांबवला, तर तो सुखवस्तू प्रवाशांचा विचार ठरेल. शशीच्या हातात परतीचे तिकीट होते, वर्गाची फी भरण्याइतके लाडूंचे पैसे होते आणि राहायला बहिणीचे घर होते. नंदुरबार जिल्ह्यातून परमुलखात जाणाऱ्या बहुसंख्य माणसांची स्थिती अशी नाही. दिवाळी उलटली की नवापूर, अक्कलकुवा, धडगाव, तळोदा भागातली भिल्ल, मावची, पावरा कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गुजरातकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणून मोजले जाते, म्हणजे माणसाचे नाव हत्याराच्या नावात बुडून जाते. त्यांचा परदेश फार दूर नाही, नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. पण त्या रेषेपलीकडे भाषा बदलते, आणि यजमान गावाच्या लेखी हे लोक हंगामापुरते राहणारे मजूर असतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970च्या दशकात बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्यांसाठी राबणाऱ्या खानदेशी तोडकऱ्यांचा अभ्यास करून ऊस आणि माणूस दोन्ही तिथे कसे पिळले जातात हे दाखवले होते. हे तोडकरी टोळीने राहतात, त्यामुळे ते एकटे नाहीत असे वाटू शकते. परंतु सौप्तिकपर्वातल्या शापाचे शब्द पुन्हा पाहिले, माणसांत थारा नसणे आणि कोणाशी संवाद नसणे, तर ते फडाशेजारच्या पालांवर किती अचूक बसतात हे कळते, आणि या माणसांनी तर कोणाच्याही मुलाच्या केसाला धक्का लावलेला नाही.

ज्या पाड्यांवर परिक्रमावासीला भाकरी मिळते, त्याच पाड्यांवरची ही माणसे आहेत. अनोळखी माणसाचा धर्म त्यांनी पाळलेला आहे; तो त्यांच्या बाबतीत पाळण्याची पाळी आता बारडोलीच्या, सुरतेच्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातल्या गावांची आहे. त्यासाठी मोठ्या योजनांची वाट पाहण्याची गरज नाही. पाण्याच्या नळावर आलेल्या बाईला तिचे गाव विचारावे, तिच्या मुलाला गावच्या शाळेच्या ओट्यावर बसू द्यावे, आणि हंगाम संपून ट्रक निघेल त्या दिवशी तिचे नाव गावातल्या निदान एका घराला ठाऊक असावे.